फोनवर खरखर अन् नेट जातंय-येतंय? कंप्लेंट टाकायच्या आधी एवढं करून बघा

आमच्याकडं नेट गेलं की वडील मोबाईल काढायचे अन् घरच्याच लँडलाईनला रिंग द्यायचे. उचलायचा नाय, नुसती दोन-तीन रिंग वाजू द्यायची, मग मला म्हणायचे, बघ रे आलं का. अन् राव, खरंच यायचं. आम्ही हसायचो, म्हणायचो अण्णा टीव्हीला थापड मारल्यासारखं करतेत. लई उशिरा कळलं की त्यामागं कारण हाय. बाहेर खांबावरचा जॉईंट गंजलेला होता, तांब्यावर काजळी चढलेली, अन् रिंग येताना लाईनवर जो जोराचा व्होल्टेज येतो त्यानं ती काजळी थोडा वेळ फुटायची, की नेट सुरू. दोन तासांनी परत काजळी, परत बंद. म्हणजे अण्णांनी आजार बरोबर पकडला होता, औषध तेवढं तात्पुरतं होतं.

तर सांगायचा मुद्दा असा की तांब्याच्या लाईनवर नेट असेल तर फोनची खरखर अन् नेटचं रुसणं बहुतेक वेळा एकाच जागेवरनं येतंय, अन् ती जागा शोधायला घरातलं सगळ्यात स्वस्त मशीन म्हणजे साधा फोन अन् आपला कान. लोक काय करतेत, नेट स्लो झालं की नुसतं स्पीड टेस्ट मारत बसतेत, स्क्रीनशॉट काढतेत, कस्टमर केअरला शिव्या घालतेत, अन् तिकडनं उत्तर येतं मोडेम बंद करून चालू करा. त्यात दिवस जातो. (फायबर आलेल्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय, पण वायफायचं अन् कंप्लेंटचं त्यांनाही लागू हाय.)

पहिली गोष्ट, खांबावरनं येणारी वायर घरात नेमकी कुठं शिरते ते शोधा. जुन्या घरात हे सोपं नसतंय. सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या घरात ती वायर खिडकीतनं येऊन कपाटामागं जाऊन तिथनं वरच्या मजल्यावर गेली होती अन् वाटेत तीन ठिकाणी पिळून चिकटपट्टी मारलेली. पहिला पांढरा डबा जिथं भेटेल, ज्याला लाईनमन लोक रोझेट म्हणतेत, तो तुमचा मेन पॉइंट. आता घरातलं सगळं काढा. सगळं म्हणजे सगळं: मोडेम, स्प्लिटर (फोन अन् नेट वेगळं करणारी डबी), वरच्या मजल्यावरचं पॅरलल कनेक्शन, कॉलर आयडीचा डबा, कॉर्डलेस. फक्त एक साधा वायरवाला फोन, ज्याची दोरी तुटकी-मोडकी नाय असा, त्या मेन पॉइंटवर लावा. कॉर्डलेस नको, त्याला स्वतःचा अॅडॉप्टर असतो, स्वतःचा रेडिओ असतो, तो स्वतःच खरखर करू शकतो.

फोन उचला, डायल टोन आला की कुठलाही एक आकडा दाबा. टोन थांबतो अन् काही सेकंद शांतता असते. ती शांतता ऐका, पंखा बंद करून, टीव्ही बंद करून, खाली लूम (कापडाचा माग) चालू असेल तर जेवणाच्या सुट्टीत. चांगल्या लाईनवर काहीच ऐकू येत नाय, फोन मेलाय की काय असं वाटावं इतकं. आवाज आला तर कसला येतोय ते महत्त्वाचं.

खर्र-खर्र, चट-चट, मधूनच थांबणारा, वायर हलवली की वाढणारा: कुठंतरी जॉईंट ढिला नायतर गंजलेला. घूंऽऽ असा एकसारखा, फ्रिजसारखा: लाईनच्या दोन तारांपैकी एक कुठंतरी जमिनीला किंवा ओल्या भिंतीला लागलीय, म्हणून विजेच्या लाईनचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट आत शिरतोय. दुसऱ्याचं बोलणं बारीक ऐकू येतंय: केबलमध्ये पाणी तरी गेलंय नायतर दोन जोड्यांचं (एका लाईनच्या दोन तारा म्हणजे एक जोडी) इन्सुलेशन गेलंय (आमच्या शेजारच्या काकूंना यावरनं एका घरचं लग्न ठरल्याचं आधीच कळलं होतं, असो). अन् सूंऽऽ असा बारीक एकसारखा आवाज, जो मोडेम परत लावल्यावरच येतो: हा लाईनचा दोष नाय, हा फिल्टरचा, म्हणजे फोनच्या आधी लावतेत त्या स्प्लिटरसारख्या डबीचा.

एक विसरू नका, खरखर एकाच माणसाशी बोलताना येत असेल अन् बाकीच्यांशी नाय, तर दोष त्याच्याकडं हाय. आमच्या आत्या मोबाईलवरनं बोलायच्या तेव्हाच खरखर यायची अन् आम्ही लाईन तपासत बसलो होतो.

आता निकाल. मेन पॉइंटवर एकटा फोन लावून पण खरखर असेल तर दोष बाहेर हाय, तुमच्या हातातलं काम संपलं, सरळ कंप्लेंटवर या. मेन पॉइंटवर शांतता असेल तर दोष घरात हाय, अन् मग लाईनमन येऊन पण काय करणार, तो बाहेरचं चेक करून ओके म्हणून जाणार. अशा वेळी एकेक वस्तू परत लावत जा, प्रत्येक वेळी फोन उचलून ऐका. जी लावल्यावर खरखर परत आली ती चोर. आमच्याकडं चोर निघाला वरच्या खोलीतला जुना पॅरलल डबा, जो दहा वर्षं कोणी वापरत नव्हतं, रंगवाल्यानं त्याच्यावर चुना मारलेला अन् आत लाल मुंग्यांनी घर केलेलं. वापरात नसलेली अशी वायर नुसती लोंबत असली तरी नेटला त्रास देते, सिग्नल तिथं जाऊन आपटून परत येतो. काढून टाका. ठेवायची हौस कशाला.

जॉईंट असेल तर वायरचं काळं-हिरवं पडलेलं टोक कापा, नवीन तांबं सोला, स्क्रू घट्ट करा. नुसतं पुसून परत पिळायचं नाय. अन् चिकटपट्टी तर नकोच, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा डिंक वितळून खाली येतो. मेन पॉइंटपासून मोडेमपर्यंत लांब वायर न्यायची असेल तर ती चपटी वायर नको, पीळ दिलेल्या जोडीची केबल घ्या, अन् लाईटच्या वायरला चिकटवून एकाच पट्टीतनं नेऊ नका.

आधीच सांगायला पाहिजे होतं पण आता सांगतो, टेलिफोनच्या तारेत करंट असतोय. एरवी ४८ व्होल्टच्या आसपास डीसी, पण रिंग येते तेव्हा ७५ व्होल्टच्या वर एसी येतो, अन् स्क्रू पिळताना नेमका कोणाचा तरी फोन आला तर चांगला झटका बसतो. ओल्या हातानं नको, पायात चप्पल पाहिजे, अन् ढग गडगडत असताना तर अजिबात हात लावू नका. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो तेव्हा विजा कडाडायला लागल्या की मोडेमची लाईन पण काढा अन् अॅडॉप्टर पण. नुसतं बटण बंद केलं तर फोनच्या तारेतनं येणारी वीज थांबत नाय. खांबावर चढायचं नाय, रस्त्यावरचा पिलर, म्हणजे कंपनीचा तारांचा डबा, उघडायचा नाय. तुमच्या जोडीच्या शेजारी आख्ख्या गल्लीच्या जोड्या हायत त्यात.

आता स्प्लिटर. लई घरात हा उलटा लावलेला असतो. त्या डबीला तीन भोकं असतेत: लाईन, फोन, मोडेम. बोलणं साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंत चालतं, अन् एडीएसएलचं, म्हणजे तांब्याच्या तारेवरचं, नेट २५ किलोहर्ट्झच्या वरनं, म्हणजे एकाच तारेवर तळमजल्यावर फोन अन् वरच्या मजल्यावर नेट. स्प्लिटर म्हणजे मधला जिना बंद करणारा दरवाजा. एखादा फोन फिल्टरशिवाय थेट लाईनवर लावला की वरचा गोंधळ खाली अन् खालचा वर. म्हणून मेन पॉइंटवरच एक स्प्लिटर लावायचा, तिथनं एक वायर मोडेमला, दुसरी घरातल्या सगळ्या फोनला. हे जमत नसेल तर प्रत्येक फोनच्या आधी एक छोटा फिल्टर. फोन वाजला की नेट जातंय, उचलला की जातंय, ठेवला की येतंय, असं असेल तर आधी फिल्टर बदला, एवढीशी स्वस्त वस्तू असते. तरी फरक नाय पडला तर मग जॉईंट.

यानंतर मोडेमचे दिवे. डीएसएल किंवा लिंक लिहिलेला दिवा लुकलुकतोय म्हणजे मोडेमची टेलिफोन एक्स्चेंजशी गाठच पडली नाय, तारेचा विषय. तो स्थिर हाय पण इंटरनेटचा दिवा नाय, म्हणजे तार बरी हाय अन् लॉगिनचा, पासवर्डचा, नायतर बिलाचा विषय. हसू नका, मी एकदा दीड दिवस लाईन तपासली अन् बिल भरायचं राहिलेलं.

मोडेमच्या आतलं पान पण उघडून बघा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काही मोडेममध्ये पत्ता वेगळा असतो, मागच्या स्टिकरवर असतो, पासवर्ड पण तिथंच), मग स्टेटस किंवा डीएसएल नावाचं पान शोधा. तिथं दोन आकडे बघायचे. एक एसएनआर मार्जिन, म्हणजे सिग्नल अन् गोंगाट यांच्यात किती जागा शिल्लक हाय ती. हा मोठा पाहिजे. १० डेसिबलच्या वर असेल तर निवांत, ६ च्या खाली गेला की लाईन कधीपण सुटणार. दुसरा अॅटेन्युएशन, म्हणजे एक्स्चेंजपासून तुमच्यापर्यंत येताना सिग्नल किती झिजला. हा छोटा पाहिजे, ३० च्या आत उत्तम, ६० च्या पुढं गेला की देवाचं नाव घ्या. झिजणं अंतरावर असतंय, त्याला तुम्ही काय करणार, एडीएसएल२ प्लस कागदावर २४ एमबीपीएस असलं तरी ते एक्स्चेंजच्या जवळच्यांना, चार-पाच किलोमीटरवर राहणाऱ्याला त्यातलं थोडंसंच मिळतं. पण अॅटेन्युएशन अचानक वाढलं किंवा एसएनआर दिवसातनं वर-खाली उड्या मारतोय, तर जॉईंट. खाली सीआरसी एरर, म्हणजे वाटेत खराब झालेल्या डेटाची मोजणी, म्हणून एक आकडा असतो, तो डोळ्यासमोर शेकड्यानं पळत असेल तर तेच.

सकाळी सातला, दुपारी दोनला, रात्री दहाला अन् पाऊस पडून गेल्यावर असे आकडे एका वहीत लिहा, शेजारी खरखर हाय का नाय ते. चार दिवस बास. पावसानंतर खरखर अन् दुपारच्या उन्हात वाळलं की बरं, असं दिसलं तर जॉईंटमध्ये किंवा डीपीत (खांबावरचा फोनच्या जोड्यांचा डबा) पाणी जातंय हे लाईनमनला वेगळं सांगावं लागत नाय. ठराविक वेळेलाच बिघडतंय, उदाहरणार्थ कारखाना सुरू झाला की, तर विजेकडं बघा. पूर्व भागात खाली लूम वर घर अशी कितीतरी घरं हायत, मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज आपटतो अन् मोडेमचा म्हातारा अॅडॉप्टर ते सोसत नाय, मोडेम बंद होऊन परत चालू होतो. तुम्हाला वाटतं लाईन गेली. खूण अशी की सगळेच दिवे एकदम विझून परत लागतेत. अॅडॉप्टर बदलायचा असेल तर जुन्यावर लिहिलेलाच व्होल्ट पाहिजे अन् अँपिअर तेवढा किंवा जास्त, अन् पिनची बाजू पण तीच.

अन् उष्णता, भाऊ. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये ४३ डिग्री म्हणजे काय विशेष नाय, त्यात मोडेम इन्व्हर्टरच्या डोक्यावर, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल, वर सेट टॉप बॉक्स. दुपारीच नेट लटकत असेल तर आधी तो रुमाल काढा अन् मोडेमला भिंतीवर मोकळं टांगा.

वायफायचा दोष वेगळा काढायला लॅपटॉप केबलनं मोडेमला जोडून बघा. केबलवर नेट पळतंय अन् आतल्या खोलीत रांगतंय, तर कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाय. कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग (समोरनं उत्तर येतंय का ते बघायची कमांड) लिहा, पुढं मोडेमचा पत्ता, पुढं डॅश अन् टी, अन् पाच मिनिटं चालू द्या. मग तसंच ८.८.८.८ ला. वायफायवर मोडेमलाच पिंग करताना मधेमधे टाईम आऊट येत असेल तर दोष घराच्या आत, वायफायचा. मोडेमला नीट जातंय अन् बाहेर तुटतंय तर दोष बाहेर. माळवदाच्या घरात दोन-दोन फुटी भिंती, त्यातनं ५ गिगाहर्ट्झ काय जात नाय, तिथं २.४ वापरा अन् चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांचा नसलेला निवडा. जुळे सोलापूरकडं अपार्टमेंटमध्ये उलटं, २.४ वर पंधरा घरांची गर्दी, तिथं ५ चालवा अन् मोडेम हॉलच्या मध्यात आणा.

फायबरवाल्यांनो, काचेत वीज जात नाय त्यामुळं तुमच्या लाईनमध्ये गंज, ओल, घूं-घूं हे प्रकार नायत. फोनमध्ये खरखर असेल तर फोन, त्याची दोरी नायतर फायबरच्या डब्याचा (तुमचा मोडेम) अॅडॉप्टर. आवाज तुटत-तुटत, रोबोटसारखा येत असेल तर मात्र डेटा गळतोय. डब्यावर लॉस नावाचा दिवा लाल झाला की प्रकाशच येत नाय, वायर तुटली किंवा मुरगळली, डबा दहा वेळा चालू-बंद करून काय होणार नाय. आतली बारीक वायर सोफ्याखाली दबली का, खिळ्याला घट्ट गुंडाळली का बघा, हिरव्या टोपीचा कनेक्टर नीट बसलाय का बघा, पण उघड्या टोकात डोळा घालून बघू नका, लेझर असतो, दिसत नाय. आतल्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा आकडा असतो, उणे २० च्या आसपास ठीक, उणे २७ च्या जवळ गेला तर काठावर हाय समजा अन् कंप्लेंटमध्ये तोच आकडा सांगा. आपल्याकडं डोक्यावरनं गेलेल्या वायरी लई, जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतेत तेव्हा मिरवणुकीच्या वाटेवरच्या वायरी वर घ्याव्या लागतेत, काठीला अडकायला नकोत म्हणून, त्या नंतर कशा बांधल्या गेल्या देव जाणे. त्या पेठांत राहत असाल तर संक्रांतीनंतरचा लाल दिवा घरात शोधत बसू नका. अन् अजून एक, तांब्याचा फोन लाईट गेली तरी चालायचा, कारण वीज एक्स्चेंजच्या बॅटरीवरनं यायची. फायबरचा फोन लाईटबरोबर मरतो. घरात म्हातारी माणसं असतील तर राऊटरचा छोटा यूपीएस घ्याच.

आता कंप्लेंट. खरखर असेल तर नेट स्लो म्हणून कंप्लेंट टाकू नका, फोनमध्ये नॉईज हाय म्हणून टाका. नेट स्लोची कंप्लेंट फिरत-फिरत रीस्टार्ट करा वर येऊन संपते, नॉईजच्या कंप्लेंटला लाईनमनला खांबापर्यंत जावंच लागतं, अन् जॉईंट नीट झाला की नेट आपोआप येतं. डॉकेट नंबर (कंप्लेंटचा नंबर) घ्या, तारीख-वेळ वहीत लिहा. बोलताना एवढं बोला: आतलं सगळं काढून मेन पॉइंटवर एकच फोन लावून ऐकलंय, तरी खरखर हाय, एसएनआर इतका आला, पावसानंतर वाढते. लाईनमन आला की रागवून बोलू नका, त्याच्याकडं आख्खा एरिया असतो. आमच्याकडं आलेल्या मामांना मी वही दाखवली, ते म्हणाले, साहेब, असं कोणी सांगतच नाय ओ, नुसतं नेट नाय म्हणतेत. चहा झाला अन् मग ते स्वतःच डीपी उघडायला गेले. जोडीच खराब निघाली तर दुसरी जोडी द्या म्हणा, केबलमध्ये मोकळी जोडी असेल तर काम होतं. जोडी नसेल अन् अंतर लांबचं असेल तर स्पीडचं प्रोफाईल खाली करून मागा, १२ एमबीपीएसवर दहा वेळा तुटण्यापेक्षा ८ वर दिवसभर टिकलेलं बरं, पोरांच्या क्लासला तेवढं पुरतं.

काम न करताच तुमची कंप्लेंट क्लोज झाली असा मेसेज आला तर (आम्हाला तीनदा आला, एकदा तर रविवारी पहाटे) तो मेसेज ठेवा अन् परत नवीन नंबर घ्या, जुना नंबर सांगून. तरी हलले नायत तर प्रत्येक टेलिकॉम कंपनीला अपील ऐकणारी अपीलेट अथॉरिटी ठेवावी लागते, ट्रायचा (टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०१२ चा नियम हाय. कंप्लेंट सोडवायची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील टाकायचं, पैसे लागत नायत, अन् त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्यात तुमची ती वही कामाला येते, डॉकेट नंबर, तारखा, आकडे. ग्राहक हेल्पलाईन १९१५ पण हाय. अन् जितके दिवस लाईन बंद होती तितक्या दिवसांची बिलात सूट मागा, न मागता कोणी देत नाय.

लाईनमन मामा निघायच्या आधी त्यांच्यासमोरच परत फोन उचलून एक आकडा दाबून ऐका, अन् एसएनआरचा नवीन आकडा तारखेसकट मोडेमच्या पाठीवर स्केचपेननं लिहून ठेवा. आमच्या मोडेमवर लिहिलंय, ५.५ चा १३ झाला. अण्णा अजून पण नेट अडलं की घरच्या नंबरला रिंग देतेत, आता फक्त उचलतो कोण ते बघायला.